एफ घुमतो, जी गायब... अखेर चोर सापडला

मंडळी, मागच्या वेळी रडगाणं गायलं होतं ना, बास गिटारवर फ्लीटवुड मॅकचं ‘ड्रीम्स’ वाजवताना एफ हा सूर भिंती हलवतो आणि जी हा सूर जातो कुठे तेच कळत नाही, त्याचा छडा लागला एकदाचा. बास ठीक, तारा ठीक, सेटअपवाल्याने पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) खालीवर करून घेतलेले पैसे पाण्यात. भानगड खोलीची होती!

आता तुम्हाला माहितीचे, १९७७ चं गाणं, त्यांचा बासवाला जॉन मॅकव्ही जवळपास अख्खं गाणं दोन सुरांवर काढतो. आमचा गिटारवाला म्हणतो, तुला काय रे, आराम आहे. आराम कसला डोंबलाचा, दोनच सूर असले की एक जाडा नि एक बारका आलेला लगेच कळतो, आणि सॉफ्ट रॉकमध्ये वर एवढी मोकळी जागा असते की लपायची सोयच नाही.

तर टेप लावून खोली मोजली, लांबी १३ फूट. सगळ्यात जाड्या ई तारेवरचा पहिल्या फ्रेटचा (बासच्या मानेवरच्या पहिल्या पट्टीचा) एफ साधारण ४३.७ हर्ट्झ, पण आमचा बारका अँप (बासचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) एवढं खालचं देतोय कुठे, ऐकू येतं ते दुप्पट, म्हणजे ८७. आणि ८७ हर्ट्झची लाट हवेत जवळपास १३ फुटांचीच! म्हणून एफला अख्खी खोली साथ देते आणि जीचे, तसेच दुप्पट धरून, ९८ बिचारे एकटे पडतात. अँप कोपऱ्यातून उचलून बरोबर मधोमध ठेवला तर आणखीच बोंब. नंतर कळलं की ही लाट दोन्ही भिंतींपाशी आणि मध्यावर जोरात असते, गप्प असते ती पाव लांबीवर. मग भिंतीपासून सव्वातीन फुटांवर आणला. अहाहा! एफ आणि जी सख्ख्या भावांसारखे शेजारी, आणि ड्रमरने मान न वळवता नुसती भुवई उडवली, त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

आता उरलं नोट कुठे सोडायची ते. ड्रमरचा स्नेअर ड्रम पडायच्या आत डाव्या हाताने तार दाबून बंद केली की गाणं श्वास घेतं, ओढत नेली की चिखल. ब्रिजपाशी (बासच्या अंगावर तारा टेकतात तिथे) तारांखाली भांडी घासायच्या स्पंजची पट्टी सरकवलीय, फुकटात काम झालं, तारांचा आवाज दाबणारे महागडे म्यूट घेऊ नका उगाच.

कम्प्रेसर पेडल (मोठे-बारके सूर सारख्या आवाजाचे करणारं) घेणार म्हणालो होतो, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की राहू दे, सूर सारखे यायला लागल्यावर तो दाबणार काय? त्यापेक्षा फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा घेतो, राउंडवाउंडची (खरबरीत गुंडाळीच्या तारांची) ती बोटं घासल्याची किरकिर असल्या गाण्यात नकोच वाटते.

पुढचा कार्यक्रम ज्या हॉलमध्ये आहे तिथलं स्टेज लाकडी आणि आतून पोकळ, म्हणजे परत घुमणार. अँप खुर्चीवर ठेवायचा विचार आहे, खाली जाड फोम टाकून कुणी बघितलंय का?