गाऊन काय होतं, विचारलंत म्हणून

"शाहीर, इतकी वर्षं गाताय, बदललं काय?" डफ पिशवीत घालायच्या आत हा प्रश्न येतो. कॉलेजातली पोरं विचारतात, पत्रकार विचारतात, माझा सख्खा मेहुणाही विचारतो. आजवर काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता सांगतोच.

हे खूळ माझ्यापासून सुरू झालेलं नाही. सत्यशोधकांनी तमाशाचाच बाज उचलला आणि त्यात सावकार, भटजी उघडे पाडले. भीमराव कर्डकांच्या जलशानं बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. १९४४ मध्ये कम्युनिस्ट शाहिरांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यातल्या अण्णा भाऊ साठ्यांनी गणात, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीच्या वंदनात, गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन केलं. त्यांनाही कुणीतरी हेच विचारलं असणार.

गटारात गुदमरून मेलेल्या कामगारांवर माझा एक पोवाडा आहे. हातानं मैला उपसायला लावण्यावर बंदी घालणारे १९९३ चा आणि २०१३ चा कायदा, अशा मृत्यूंसाठी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेली दहा लाखांची भरपाई, सगळं त्यात आहे. एका वस्तीत तो गात होतो. दहा लाखांचं कडवं आलं आणि पुढ्यात बसलेली एक बाई उठली.

"थांबा जरा. माझ्या माणसाला ठेकेदारानं दोर न बांधता आत उतरवलं. कागदावर लिहिलंय, पाय घसरून पडला. आणि तुम्ही मघापासून 'एक कामगार, एक कामगार' म्हणताय. त्याला नाव नव्हतं का?"

ढोलकी थांबली. बाईच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात पंचनाम्याची झेरॉक्स, रेशनकार्ड आणि लॅमिनेट करून घेतलेला मृत्यूचा दाखला. भिजू नये, फाटू नये म्हणून. तो तिनं माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "ताई, तुम्हीच सांगा नाव." तिनं नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत सांगितलं. चालीत ते बसेना, आडनाव लांब पडत होतं. माझ्या झीलकऱ्यानं, म्हणजे मागं सूर धरणाऱ्या साथीदारानं, ते तोडून दोन ओळींत घेतलं. दुसऱ्या खेपेला वस्तीनं झील धरली. मागं पानटपरीपाशी ठेकेदाराचा मुकादम उभा होता. तो जागचा हलला नाही, पण त्यानं ऐकलं. बाई रडली नाही. पिशवी मांडीवर घेऊन खाली बसली.

ते नाव मी इथं लिहीत नाही. लिहायचं की नाही, हे तिनं सांगायचं.

भरपाई मिळाली का? नाही. तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगतो. २०२३ मध्ये न्यायालयानं भरपाईचा आकडा तीस लाखांवर नेला, तरी तिचा अर्ज होता तिथंच आहे. तिच्या दुःखावर मी टाळ्या घेतो, मानधनही घेतो. हे मला बोचतं. पण खटला हरलेल्या वकिलाला 'वकिली कशाला करता' असं कुणी विचारत नाही, तेव्हा मलाच का, याचाही राग येतो.

विशीतला मी तुम्हाला छाती ठोकून सांगत होतो की गाण्यानं क्रांती होते. जुलै १९९७ मध्ये मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगऱ्यांनी स्वतःचा जीव दिला. त्यानंतर तसं बोलायला माझी जीभ रेटली नाही. तो विशीतला पोरगा अधूनमधून भांडायला येतो: मग गातोस कशाला? मी म्हणतो, कागदावर 'पाय घसरला' असं राहिलं, तरी त्या वस्तीत आता तसं कुणी म्हणत नाही. तो म्हणतो, एवढंच? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता कार्यक्रमाआधी बाया चिठ्ठ्या आणून देतात. नवऱ्याचं नाव, पोराचं नाव, भावाचं. सगळी एका पोवाड्यात मावत नाहीत. ढोलकीवाला म्हणतो, लोक कंटाळून उठून जातील, थोडी गाळा. झीलकरी म्हणतो, उठू देत, नावं सगळी घ्यायची. कुणाचं गाळायचं हे मी ठरवणारा कोण, आणि नाही गाळलं तर ऐकायला कोण थांबणार, यावरून आमच्यात अजून वाद चालू आहे.