रिव्हर्स लाईट लागत नाही? मग आधी गिअरबॉक्सच्या स्विचपाशी जा

जुन्या गाडीचा रिव्हर्स लाईट गेला तर चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. इंडिकेटरचा बल्ब गेला की टिकटिक फास्ट होते, हेडलाईटचं तर सांगायलाच नको, पण रिव्हर्सचं पुढं बसून काहीच समजत नाही. आणि आपल्याकडं सांगलीत गणपती पेठेत सकाळी माल उतरत असताना गाडी मागं घ्यायची म्हणजे मागं हमाल, सायकलवाले, कुणाचं तरी बारकं पोरगं, आणि त्या सगळ्यांना फक्त त्या पांढऱ्या उजेडावरनंच कळतं की ही गाडी आता मागं येणार. म्हणून मला तरी हा लाईट ब्रेक लाईटइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आमच्या घरी 2004 ची छोटी पेट्रोल गाडी आहे, अप्पांनी घेतलेली, आणि 2019 च्या महापुरात ती पाण्यात उभी होती. तेव्हा सीट, मॅट सगळं काढून वाळवलं, इंजिनचं काम केलं, गाडी चालू झाली. पण पुराचं पाणी वायरिंगमध्ये कुठं कुठं शिरलंय ते नंतर वर्षानुवर्षं एकेक करून बाहेर येत राहतं, सांगलीतल्या बऱ्याच गाडीवाल्यांना हे माहिती असेल. यंदा तिचा उजवा रिव्हर्स लाईट पूर्ण बंद आणि डावा कधी लागायचा कधी नाही.

आता हे सर्किट आहे तरी केवढं. किल्ली ऑन केली की करंट फ्यूजमधनं गिअरबॉक्सवरच्या एका छोट्या स्विचपर्यंत येऊन थांबतो, रिव्हर्स टाकला की आतनं त्या स्विचची पिन दाबली जाते, करंट पुढं मागच्या बल्बना जातो आणि तिथनं अर्थिंगनं, म्हणजे परतीच्या वायरीनं, गाडीच्या पत्र्याच्या बॉडीला. बास. त्यामुळं दोनातला एकच बल्ब लागत असेल तर फ्यूज आणि स्विचच्या नादाला लागूच नका, दोष मागं आहे, बल्ब नाहीतर होल्डर नाहीतर अर्थिंग. दोन्ही एकदम बंद असतील तर पुढनं सुरुवात करा.

आमच्या उजव्या बाजूचा बल्ब काढून बघितला तर तार शाबूत. पण रिव्हर्स टाकला की शेजारचा लाल टेल लाईट अगदी मंद, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा पेटायचा. ही खूण लक्षात ठेवा, कारण हे सरळ अर्थिंगचं दुखणं आहे, करंटला बॉडीकडं जायची वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बच्या तारेतनं वाट काढतो.

मिरज रोडला एक जुने लाईटवाले मामा आहेत, त्यांना दाखवलं. मी मीटर लावून म्हटलं, मामा बारा व्होल्ट तर येतायत की. ते म्हणाले, "मीटर ठेवा ओ बाजूला, बल्ब लावून बघा." आणि त्यांचं खरं आहे, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो बारा दाखवणार. रिव्हर्सचा बल्ब 21 वॉटचा असतो, त्याला पावणेदोन ॲम्पियरच्या आसपास करंट लागतो, तेवढा ओढायला गेलं की मग कुजलेला जॉइंट उघडा पडतो. एक 21 वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरींना चिमटे, एवढा टेस्ट लॅम्प प्रत्येक जुन्या गाडीवाल्याच्या डिकीत पाहिजेच. त्याचं एक टोक बॅटरीच्या प्लसवरनं आणलेल्या वायरीला आणि दुसरं अर्थिंगच्या वायरीला लावलं तर लाईट नुसता मिणमिणला, तेच टोक बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्याला लावलं तर लख्ख.

मग डिकीतलं आतलं कव्हर काढलं. अर्थिंगचा बोल्ट होता, त्याच्या रिंगखाली वाळलेला गाळ, पिवळसर, बोटानं चोळला तर पीठ होणारा, आणि तांब्यावर हिरवा थर. कृष्णामाईची माती इतकी वर्षं तिथंच बसलेली. बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईस्तोवर घासला, वायर थोडी मागं कापून नवीन रिंग दाबली आणि वरनं पेट्रोलियम जेली लावली. उजवा लागला, शिवाय त्या बाजूचा टेल लाईटपण आधीपेक्षा उजळ झाला.

पण आता दोन्ही मिळून कधी लागायचे कधी नाही, आणि गिअरचा दांडा हातानं जरा दाबून धरला की हमखास लागायचे. म्हणजे स्विच. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून, किल्ली फक्त ऑन करायची, स्विचवरचा दोन पिनांचा कनेक्टर काढायचा आणि कनेक्टरच्या दोन्ही टोकांत वायरीचा तुकडा जोडायचा. गिअर न टाकताच मागं दोन्ही लाईट लागले तर बाकी सगळी लाइन चांगली, स्विच गेलेला. नाही लागले तर मात्र स्विच विकत आणू नका, आधी तिथं करंट येतोय का बघा, नाहीतर फुकट खर्च.

आमचे लागले. स्विच काढायच्या आधी आजूबाजूची घाण साफ करा, नाहीतर सगळी गिअरबॉक्समध्ये जाते, आणि काही गाड्यांत काढल्यावर गिअर ऑइल गळतं म्हणून खाली काहीतरी ठेवा. दुकानात जाताना जुना स्विच नमुन्याला न्याच, आटे आणि पिनची लांबी दोन्ही जुळायला लागतं. वॉशर नवीन टाका.

अजून एक, रिव्हर्स टाकल्यावरच फ्यूज उडत असेल तर आधी नंतर बसवलेला रिव्हर्स हॉर्न किंवा कॅमेरा सोडवून बघा. त्याची वायर बहुतेक वेळा मागच्या लाईटच्या वायरीला नुसती पिळून वर टेप मारलेली असते, उन्हानं टेप सुटते आणि तार पत्र्याला टेकते. जास्त ॲम्पियरचा फ्यूज टाकून भागवू नका, वायर जळेल.

पंधरा वर्षांनंतर आरसी रिन्यू करायला गाडी आरटीओत दाखवायला लागते आणि पुढं दर पाच वर्षांनी परत, आमची पुढची पाळी जवळ आली आहे. रिव्हर्सचं झालं, आता अप्पा म्हणतात नंबर प्लेटचा लाईट पण मिणमिणतोय, तो या रविवारी उघडणार, आणि त्याचंही अर्थिंगच आधी बघणार आहे.