मोजपट्टी आणि कान : नव्या अल्बमांच्या वहीतील पुढची नोंद

नवा अल्बम आला की आधी तो सलग ऐकायचा, स्वतःचे मत चार ओळींत लिहून ठेवायचे आणि मगच समीक्षकांनी काय म्हटले आहे ते वाचायचे, या शिस्तीने मी वही ठेवते हे सहश्रोत्यांना ठाऊक आहेच. या खेपेला वहीची आखणीच बदलली आहे. आतापर्यंत प्रत्येक अल्बमपुढे सर्व समीक्षकांच्या गुणांची सरासरी लिहिण्याचा एक रकाना होता, तो मी काढून टाकला. त्याच्या जागी मोजक्या समीक्षकांसाठी प्रत्येकी एक रकाना आखला असून, प्रत्येकाने दिलेला गुण त्याच्याच आधीच्या गुणांशी ताडून पाहते. एका समीक्षकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवून काहीच हाती लागत नाही, तो त्याच्या स्वतःच्या मोजपट्टीवरच वाचावा लागतो, या मतावर मी आता ठाम आहे.

सरासरीचा रकाना का गेला

सरासरीसाठी मी मेटाक्रिटिक हे समीक्षकांचे गुण एकत्र करणारे संकेतस्थळ पाहत असे. २००१ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळाची रीत अशी की, एखाद्या अल्बमवर किमान चार समीक्षणे जमली की त्यांचे गुण शंभराच्या पट्टीवर आणायचे आणि त्यांची भारित सरासरी काढायची. कोणत्या प्रकाशनाला किती भार दिला जातो हे जाहीर केले जात नाही. ज्या समीक्षकाने गुण दिलेलेच नसतात, त्याचे लेखन वाचून तेथील कर्मचारी स्वतः एक आकडा ठरवतात. त्यामुळे आपण जी सरासरी पाहतो, तिच्यातील काही आकडे मूळ समीक्षकाने कधी लिहिलेलेच नसतात.

खरी अडचण रूपांतराची आहे. पाचपैकी चार तारे म्हणजे ८०, अक्षरश्रेणीतला बी प्लस म्हणजे ८३, बी म्हणजे ७५, ए मायनस म्हणजे ९१, असे ते कोष्टक आहे. कागदावर ते नीटनेटके दिसते. पण ज्येष्ठ अमेरिकी समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ यांचा ‘बी’ आणि पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाचा दहापैकी ७.५ हे या कोष्टकात एकाच पायरीवर येतात आणि दोन्हींचा अर्थ मात्र अगदी निराळा असतो. पिचफोर्कवर ७.५ म्हणजे चांगला, ऐकण्याजोगा अल्बम. क्रिस्टगाउ यांच्या १९९० नंतरच्या पद्धतीत ‘बी’ म्हणजे जवळजवळ नापसंती, कारण शिफारस करण्यासारखे अल्बम त्यांच्याकडे ‘बी प्लस’च्या पुढे सुरू होतात.

मेटाक्रिटिक सरासरीला जो रंग देते, त्याचेही तसेच आहे. संगीताला ६१ पासून हिरवा, म्हणजे अनुकूल, रंग मिळतो, तर त्याच ठिकाणी व्हिडिओ गेमला हिरव्या रंगासाठी ७५ गाठावे लागतात. संगीताचे समीक्षक मुळातच वरच्या पट्टीत गुण देतात, त्यामुळे नव्या अल्बमांपुढे बहुतेक वेळा हिरवाच रंग दिसतो आणि निवड करताना त्याचा काही उपयोग होत नाही. शिवाय सर्वांना बरा वाटलेला अल्बम आणि निम्म्यांनी डोक्यावर घेतलेला व निम्म्यांनी झिडकारलेला अल्बम यांची सरासरी एकच येऊ शकते. मला स्वतःला दुसऱ्या प्रकारचे अल्बम अधिक शोधावेसे वाटतात आणि सरासरीत नेमके तेच बुडून जातात.

पिचफोर्कचा दशांश

वहीतील सर्वांत भरलेला रकाना पिचफोर्कचा आहे. रायन श्रायबर यांनी १९९६ मध्ये मिनियापोलिसहून सुरू केलेले हे प्रकाशन ०.० ते १०.० अशा दशांशाच्या पट्टीवर गुण देते. एकशे एक पायऱ्यांची ही पट्टी फार सूक्ष्म वाटते, पण प्रत्यक्षात बहुतेक गुण तिच्या एका लहान भागात दाटलेले आहेत. १९९९ ते २०१७ या काळातील अठरा हजारांहून अधिक पिचफोर्क समीक्षणांचा एक संच अभ्यासकांसाठी खुला आहे आणि त्यातील गुणांची सरासरी ७ च्या आसपास येते. म्हणून ६.२ हा गुण पाहून ‘पहिल्या वर्गात उत्तीर्ण’ अशी आपली शाळकरी समजूत करून घेतली तर ती फसवी ठरते. तेथे ६.२ म्हणजे संपादकांना अल्बम फारसा भावला नाही.

मी ‘संपादकांना’ असे जाणीवपूर्वक लिहिले आहे. समीक्षणाखाली एका लेखकाचे नाव असते, पण गुण तो एकटा ठरवत नाही. लेखकाचे मत विचारात घेऊन अंतिम आकडा संपादक मंडळ ठरवते. मजकूर एका व्यक्तीचा आणि आकडा एका संस्थेचा, असा हा प्रकार असल्यामुळे काही समीक्षणांत शब्द उत्साही आणि गुण बेताचा, किंवा शब्द साशंक आणि गुण भरघोस, अशी तफावत दिसते. अशा प्रत्येक तफावतीपुढे मी आता लाल खूण करते. जेथे ही खूण आहे तेथे शब्दांवर विश्वास ठेवणे मला अधिक लाभदायक ठरले आहे.

या आकड्याचे वजन एकेकाळी फार मोठे होते. २००३ साली ब्रोकन सोशल सीन या टोरांटोच्या वाद्यवृंदाच्या अल्बमला ९.२ गुण देताना श्रायबर यांनी प्रसिद्धीसाठी आलेल्या सीडींच्या ढिगातून तो कसा हाती लागला हे लिहिले आणि कॅनडाबाहेर फारसा माहीत नसलेला तो समूह चर्चेत आला. पुढल्याच वर्षी गायक ट्रॅव्हिस मॉरिसन यांच्या ‘ट्रॅव्हिस्तान’ला ०.० मिळाला आणि त्यानंतर महाविद्यालयीन रेडिओ केंद्रांनीही त्यांच्याकडे पाठ फिरवली. शून्य देणे हे समीक्षेचे काम आहे असे मला वाटत नाही. अल्बम वाईट असेल तर तो कोठे आणि का वाईट आहे हे सांगावे. शून्यातून श्रोत्याला ऐकण्याची कोणतीच दिशा मिळत नाही, केवळ कलावंताची वाट बंद होते.

२०२१ मध्ये स्थापनेला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने पिचफोर्कने एका स्वतंत्र लेखात आपलेच काही जुने गुण नव्याने ठरवले. डाफ्ट पंक या फ्रेंच नृत्यसंगीत-जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ला २००१ मध्ये ६.४ दिले होते, त्याचे १० झाले. गायिका लिझ फेअर यांच्या त्यांच्याच नावाच्या पॉप अल्बमला २००३ मध्ये ०.० होता, तो ६.० वर आला. उलट इंटरपोल या रॉक समूहाच्या पहिल्या अल्बमचा ९.५ खाली येऊन ७.० झाला. ही यादी मी वहीच्या मलपृष्ठावर उतरवून ठेवली आहे. तिच्यावरून एवढे स्पष्ट होते की, नृत्यसंगीत आणि पॉप यांच्याकडे त्या काळचे गिटारप्रेमी समीक्षक कमी आदराने पाहत असत आणि पुढच्या पिढीच्या संपादकांनी ती दृष्टी बदलली. म्हणजे गुणाशेजारी साल लिहिणे आवश्यक आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनी कोंडे नास्टने पिचफोर्क ‘जीक्यू’ मासिकाच्या छत्राखाली नेले आणि अनेक अनुभवी संपादकांना निरोप दिला, तेथे मी रकान्यात एक आडवी रेघ मारली आहे. रेघेच्या वरचे ८.३ आणि खालचे ८.३ मी एक धरत नाही.

एकट्या माणसाची पट्टी

अँथनी फॅन्टॅनो २००९ पासून ‘द नीडल ड्रॉप’ या नावाने यूट्यूबवर समीक्षणे करत आहेत. त्यांची पट्टी शून्य ते दहा अशी असली तरी ते ‘हलका सात’, ‘भक्कम आठ’ अशी पुस्ती जोडतात आणि अल्बम अजिबात पटला नाही तर आकडाच देत नाहीत. त्यांच्या रकान्याचा मोठा गुण म्हणजे सातत्य. कान एकच असल्यामुळे काही काळ पाहिले की त्या कानांचा कल समजतो. कर्कश, आक्रमक, धाडसी ध्वनिरचना त्यांना आवडते. त्यांचा पहिला पूर्ण दहाचा मान २०१२ साली डेथ ग्रिप्स या प्रायोगिक हिप-हॉप समूहाच्या ‘द मनी स्टोअर’ला मिळाला, ही गोष्ट त्यांचा कल सांगायला पुरेशी आहे. २०१० साली कान्ये वेस्ट यांच्या ज्या अल्बमला पिचफोर्कने १०.० दिले, त्याला फॅन्टॅनो यांनी ६ दिले. या दोन आकड्यांची सरासरी आठ येते आणि त्या अल्बमविषयी आठ असे मत या दोघांपैकी कोणाचेच नाही.

क्रिस्टगाउ १९६९ पासून अल्बमांना अक्षरश्रेणी देत आले आहेत. एकेका अल्बमवर एकच परिच्छेद, पण तो इतका दाट की दोनदा वाचावा लागतो. त्यांच्याकडून मी एक रीत उचलली आहे: अनेकदा ऐकल्याशिवाय श्रेणी लिहायची नाही. प्रसिद्धीच्या दिवशीच दिलेले गुण माझ्या वहीत आता कच्च्या शिसपेन्सिलीने लिहिले जातात. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध होऊ लागले, त्यामुळे समीक्षकांवर एकाच दिवशी सारा भार येतो. अल्बम आगाऊ ऐकायला मिळाला असेल तर समीक्षण सावकाश मुरलेले असते. बियॉन्से यांनी १३ डिसेंबर २०१३ रोजी केले तसा पूर्वसूचनेविना अल्बम आला, तर पहिल्या दोन-तीन दिवसांतले लेखन हे ऐकता ऐकता केलेले असते. समीक्षण अल्बमनंतर किती दिवसांनी आले, याची नोंद म्हणूनच उपयोगी पडते.

एक अल्बम जवळून

अमेरिकी गायिका फिओना ॲपल यांचा ‘फेच द बोल्ट कटर्स’ १७ एप्रिल २०२० रोजी आला. पिचफोर्कने १०.० दिले, आणि २०१० नंतर एखाद्या नव्या अल्बमला हा गुण प्रथमच मिळत होता. या वेळी मी तो पुन्हा नव्याने ऐकला, आधी समीक्षणे बाजूला ठेवून आणि नंतर ती समोर ठेवून. पहिल्या ऐकण्यात माझ्या वहीत आले ते असे: पियानो मागे, ठोका पुढे. भिंती, जमीन, घरातल्या वस्तू वाजत असल्याचा भास. शीर्षकगीताच्या शेवटी कुत्री भुंकतात आणि ते भुंकणे काढून टाकलेले नाही. दुसऱ्या ऐकण्यात समीक्षकांनी सांगितलेली एक गोष्ट कानी आली, जी मला एकटीला उमगली नसती: गायिकेचे स्वतःचेच आवाज एकावर एक रचून ‘फॉर हर’ या गाण्यात समूहगानाचा आभास उभा केला आहे आणि गाण्यातील राग त्या रचनेमुळे एका बाईचा न राहता अनेकींचा होतो. समीक्षणाकडून मला हे हवे असते. दहा हा आकडा मला तेथपर्यंत नेऊ शकला नसता. माझ्या स्वतःच्या वहीत या अल्बमला मी तो दिलेलाही नाही, कारण उत्तरार्धातील दोन गाणी मला अजून सैल वाटतात.

शिफारशीतील ‘हे आवडत असेल तर’

समीक्षक शिफारस करतो तेव्हा तो बहुधा तुलनेचा आधार घेतो आणि ती तुलना त्याच्या स्वतःच्या संग्रहातून येते. याचे मला ठळक वाटलेले उदाहरण मुंबईचे आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर बसवून एक ध्वनिमुद्रिका केली. त्या वेळी तिची दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या लेबलने ती पुन्हा काढली, तेव्हा पाश्चात्त्य समीक्षकांना तिच्यात शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीत-प्रकाराचे पूर्वरूप दिसले, कारण सिंग यांनी वापरलेले रोलँड टीबी-३०३ हेच बास-सिंथेसायझर यंत्र पुढे त्या संगीताची ओळख बनले.

ही तुलना मोलाची आहे. तिच्यामुळेच ती ध्वनिमुद्रिका जगभर पोहोचली. तरीही भैरव, तोडी, मालकंस कानात मुरलेल्या श्रोत्याला त्या समीक्षणांत एक मोकळी जागा जाणवते. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि सिंग ती मींडीसारखी वापरतात, ही त्या अल्बमची खरी कारागिरी आहे. भैरवातील कोमल रिषभाचे आंदोलन मात्र यंत्राला साधत नाही, तो स्वर ताठ उभा राहतो. या दोन्ही गोष्टी सांगणारे समीक्षण मराठीत लिहिले जायला हवे आणि ते आपल्यापैकीच कोणीतरी लिहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गुण न देणाऱ्यांचा रकाना

‘द क्वाएटस’ आणि ‘बँडकॅम्प डेली’ या संगीतविषयक संकेतस्थळांवर समीक्षणाला गुण नसतो. त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवून तेथे फक्त एक वाक्य उतरवते: समीक्षकाने अल्बममधील कोणता आवाज नेमका दाखवून दिला. महिनाभराने मी परत ऐकत असलेल्या अल्बमांमध्ये या रकान्यातून आलेले अधिक आहेत.

पुढच्या टप्प्यात रेट युवर म्युझिक या संकेतस्थळावर श्रोत्यांनी दिलेले तारे आणि समीक्षकांचे गुण जेथे सर्वाधिक दूर आहेत असे जॅझचे अल्बम निवडून ऐकणार आहे. जॅझवर सातत्याने लिहिणारे आणि स्वतःची पट्टी न बदलणारे समीक्षक कोणाच्या वाचनात असतील, तर त्यांची नावे अवश्य कळवावीत. त्यांच्यासाठी वहीत दोन रकाने कोरे ठेवले आहेत.