आमची वाटचाल : लाकडाचे नव्हे, कामाचे पैसे

जळगावात पूर्वी झाडाच्या कामाचा एकच व्यवहार होता. तोडणारा फुकट तोडणार आणि लाकूड घेऊन जाणार. माझे वडील जन्मभर हेच करत आले. वखारवाल्याचा माणूस खालूनच झाडाकडे बघून किती क्विंटल निघेल ते सांगायचा, घरमालकाशी बोली व्हायची, झाड मोठं असलं तर उलट मालकालाच वरून पैसे मिळायचे आणि वडिलांच्या हातावर रोजंदारी. कडुनिंब वीटभट्टीला, बाभूळ गाडी-औताच्या सुताराला, चिंचेचा बुंधा खाटकाच्या ठोकळ्याला. लाकडाच्या काडीकाडीला भाव होता. जो माणूस जीव मुठीत धरून वर चढला, त्याच्या हाताला मात्र त्या हिशेबात जागा नव्हती.

या व्यवहारातली खोट मला लहानपणापासून दिसत होती. ज्याची मजुरी लाकडात आहे तो वजन बघतो, फांदी बघत नाही. एक वाळकी फांदी काढायला बोलावलं तरी तो निम्मं झाड उतरवणार, कारण वाळक्या फांदीत त्याचं पोट भरत नाही. त्यात त्याचाही दोष नाही, बोलीच तशी आहे. म्हणून मी ठरवलं की धंदा करीन तर छाटणीची मजुरी घेऊन करीन आणि लाकूड मालकाच्या अंगणात रचून देईन. जळगाव नगरपालिकेची महानगरपालिका २००३ साली झाली, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही पाटी लावली. आमच्या प्रत्येक कोटेशनवर तेव्हापासून एक ओळ असते : छाटलेलं लाकूड मालकाचं राहील. ही ओळ वाचून पहिल्या वर्षी लोक दारातूनच परत पाठवायचे. ‘दुसरे फुकट करतात, तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे?’

सुरुवातीला आम्ही दोघंच. माझा जोडीदार सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपड्याकडचा, पावरा आदिवासी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. झाडाचं जे काही मला येतं, त्यातलं निम्म्याहून जास्त दादाकडून आलं. तो झाडाला हात लावायच्या आधी एक फेरी मारायचा. कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे बोथट पाठीने, बुंध्यावर खालपासून छातीपर्यंत ठोकत जायचा आणि कान देऊन ऐकायचा. घट्ट आवाज आला तर पुढे, पोकळ आला की हाताने ‘थांब’ म्हणायचा. जुना कडुनिंब बाहेरून हिरवागार असतो आणि आत हात जाईल एवढी ढोली असते, हे किती लोकांना माहीत असतं? मग बघायचं मोहोळ. आग्या मोहोळ असलं तर त्या दिवशी काम नाही, मालक कितीही घाई करो. मग घरटी. बगळ्यांची वसाहत असलेल्या झाडाला आम्ही पावसाळ्यात हात लावत नाही, आणि तसं मालकाला तोंडावर सांगतो.

हत्यारांबद्दल लिहायलाच हवं, कारण नवीन पोरं फक्त मशीन बघतात. आमच्याकडे पहिली दोन वर्षं मशीन नव्हतंच. कोयता, कुऱ्हाड, दोन माणसांचा आरा, कप्पी आणि दोर. खरं काम दोराचं आहे. कौलांवर किंवा विजेच्या तारेवर आलेली जाड फांदी पाडायची नसते, उतरवायची असते. वरच्या बेचक्यात कप्पी, फांदीला दोर, दोराचं दुसरं टोक खाली बुंध्याभोवती गुंडाळलेलं. हलक्या फांदीला एक वेढा, जड फांदीला तीन. वर कट पूर्ण झाला की खालचा माणूस वेढ्यांमधून दोर सोडत जातो आणि दोन माणसांच्या वजनाची फांदी अंगणातल्या तुळशीशेजारी येऊन टेकते. दादाचे तळवे त्या दोराने चामड्यासारखे झाले आहेत. वेढा कमी पडला तर खालचा माणूस दोरासकट वर ओढला जातो. म्हणून खाली कोण उभा राहणार हे मी ठरवतो, मालक नाही.

पुढे चेनसॉ घेतलं, जर्मन बनावटीचं, कर्ज काढून. आमच्याकडे सगळे त्याला कटरच म्हणतात. कटर घेणाऱ्याला माझं सांगणं असं की आधी कानस चालवायला शिका. चेनच्या प्रत्येक दाताला सारखेच हात, एकाच दिशेने, एकाच कोनात. एका बाजूचे दात जास्त घासले की कट वाकडा जातो. धार आहे की नाही हे चुऱ्यावरून कळतं. जाडसर कीस उडाला तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला की मशीन बंद करा आणि कानस काढा. बोथट चेन दाबून चालवली की बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, तापतो, हात थकतो आणि थकलेल्या हाताने अपघात होतो. पेट्रोलमध्ये ऑइल मापानेच घाला. आमच्या मशीनला लिटरला २० मिली लागतं, तुमच्याला किती ते पुस्तकात बघा, अंदाजाने ओतू नका. आणि अंजनाचं झाड आलं तर जास्तीची चेन सोबत ठेवा. आपल्या खान्देशातल्या अंजनाइतकं कठीण लाकूड थोडंच असतं, धार बघता बघता जाते.

आता आबांबद्दल. एमआयडीसीत त्यांची दाल मिल. मिलच्या शेडवर एक जुना कडुनिंब झुकला होता आणि तीन जणांनी तो बुडापासून फुकट तोडून द्यायची तयारी दाखवली होती. मी बघून सांगितलं की तोडायची गरज नाही, शेडवरच्या दोन फांद्या काढू, बाकी झाड राहू द्या, मे महिन्यात तुमचे हमाल याच्याच सावलीला बसतात.

आबा म्हणाले, “लाकूड किती निंघी?”

म्हटलं, “थोडंच निघेल, आणि तेही तुमचंच राहील.”

“मंग मी तुले पैसा कसाना देऊ?”

“आबा, झाड जित्तं ऱ्हाई, त्याना.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुनीमजींना हाक मारून ॲडव्हान्स द्यायला सांगितला. आम्ही प्रत्येक फांदी तीन कटात काढली. आधी खोडापासून हातभर लांब, खालून वर, निम्म्याच्या आत. मग त्याच्या थोडं पुढे वरून खाली. फांदी तुटून पडते, पण साल सोलत बुंध्यापर्यंत येत नाही. मग उरलेला खुंट, फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून. त्या कडेतूनच झाड जखम झाकून घेतं. ती कड कापली किंवा लांब खुंट ठेवला तर तिथून कूज आत शिरते. आबा काठी टेकून शेवटपर्यंत उभे राहिले. काम झाल्यावर चहा आला तेव्हा त्यांनी दादाला ऑफिसात खुर्चीवर बसवलं. तोपर्यंत सगळीकडे आम्हाला चहा फाटकाबाहेर मिळायचा. त्या दिवसापासून मी नियम केला की जिथे चढणाऱ्या माणसाला बसायला जागा नाही, तिथलं काम आपलं नाही. आबा आज नाहीत. त्यांचा मुलगा दरवर्षी दिवाळी झाली की स्वतः फोन करतो. तो कडुनिंब उभा आहे.

पुढची काही वर्षं धंदा चांगला चालला, माणसं वाढली, ट्रॅक्टर-ट्रॉली आली.

मग ते रस्त्याचं काम आलं. एका रस्त्याच्या रुंदीकरणात झाडं हलवायची होती, वड, कडुनिंब, चिंचा. बाहेरून आलेल्या एका बड्या ठेकेदाराने आम्हाला पोटठेका दिला. मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं : चिंच आणि मोठा कडुनिंब मुळाने खोल जातो, तो हलवून जगण्याची आशा कमी. वड मात्र जगतो, पण त्याची रीत आहे. थंडीत बुंध्याभोवती चर खणायचा, मुळं धारदार हत्याराने छाटायची, चर खत-मातीने भरून पाणी द्यायचं, म्हणजे आत बारीक मुळ्या सुटतात. मग मृगाच्या पावसावर मातीचा गड्डा गोणपाटात बांधून क्रेनने उचलायचं, तेही रुंद पट्ट्याने, साखळीने नाही. त्याने मान डोलावली. आम्ही पौष-माघात चर खणले. मजुरी मी माझ्या खिशातून दिली, कारण पहिला हप्ता ‘पुढच्या आठवड्यात’ होता.

वैशाखात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, तो जेसीबी घेऊन आला. त्याला साहेबांना रस्ता मोकळा दाखवायचा होता. मी समोर उभा राहिलो, भांडलो. त्याच्या सुपरवायझरने मला मजुरांसमोर सांगितलं, ‘लाकूडतोड्याने इंजिनियरिंग शिकवू नये.’ साखळी लावून झाडं ओढली. वडाची साल हात हात सोलली गेली. ती झाडं नवीन खड्ड्यांत उभी केली आणि महिन्याभरात काटक्या झाल्या. जे थोडे वड आम्ही अडवून धरले आणि पावसाळ्यात आमच्या रीतीने हलवले, ते एका शाळेच्या मैदानात लागले, आता त्यांना पारंब्या सुटल्या आहेत. ज्याला खात्री करायची असेल त्याला मी घेऊन जाईन.

बिल मागायला गेलो तर उत्तर मिळालं की झाडं तुमच्या चर खणण्याने वाळली. एक रुपया दिला नाही. एवढ्यावर तो थांबला असता तरी मी गिळलं असतं. त्याने पुढे शहरातल्या कॉलन्यांमध्ये आपली माणसं उतरवली, फुकट छाटणी, लाकूड त्यांचं. आणि सोसायट्यांच्या चेअरमनना सांगत फिरला की आम्ही झाडं मारतो आणि वर पैसे घेतो. जी घरं वर्षानुवर्षं आम्हाला बोलवायची त्यांनी फोन उचलणं सोडलं. ट्रॅक्टर-ट्रॉली विकली. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. माणसांची देणी मी एकाचीही बुडवली नाही, पण कामच नव्हतं. दादा रावेरकडे केळीच्या बागेत घड वाहायला गेला. ज्या हातांनी विजेच्या तारांमधून फांद्या उतरवल्या त्या हातांनी डोक्यावर घड. ते मला आजही सहन होत नाही.

आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी मिलमधली सगळी झाडं वर्षाच्या कराराने आम्हाला दिली आणि शेजारच्या दोन मिलवाल्यांना स्वतः बोलून तसाच करार करायला लावला. लेखी, तीन हप्ते, पहिला हप्ता आगाऊ. त्यावर आम्ही तग धरला. केळीची कटाई संपताच दादा परत आला.

आणि कॉलन्यांचं काय झालं तेही सांगतो. फुकटवाल्यांनी झाडांचे शेंडे सरसकट उडवले होते, नुसते खुंट ठेवले होते. अशा खुंटाला लगेच झुपकेदार फूट येते, लोकांना वाटतं झाड जोमात आहे. पण ती फूट सालीलगतच धरलेली असते, आत पक्का सांधा नसतो, आणि खालचा खुंट कुजत जातो. फांद्या मनगटाएवढ्या होईपर्यंत काही वर्षं जातात. मग जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. त्या कॉलन्यांमधले गुलमोहर आणि पेल्टोफोरम (पिवळ्या फुलांची झाडं) गाड्यांवर, गच्चीवर, तारांवर मोडून पडले. आमच्या हातचीही काही झाडं त्याच गल्ल्यांमध्ये होती, ती उभी राहिली. रात्री अकराला ज्यांचे फोन आले त्यात तेच चेअरमन होते. आम्ही गेलो. दर नेहमीचाच लावला, एक पैसा जास्त नाही, पण ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कटर सुरू केलं नाही.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना आणि झाड असलेल्या घरमालकांनाही थोडं सांगतो. शहरात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुडापासून पाडणं नव्हे, जाळणं, कापणं, इजा करणं सगळं आलं. म्हणून आधी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, मग दोर. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, तेव्हा जुन्या झाडाला ‘रातोरात करून टाकू’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. ढोलीत सिमेंट भरू नका, झाड वाऱ्यावर हलतं, सिमेंट हलत नाही, मध्ये फट पडून पाणी साचतं. छाटणी थंडीत करून घ्या. पावसाच्या तोंडावर सगळ्यांनाच घाई असते आणि घाईत चांगला माणूस मिळत नाही. चढणाऱ्याचा विमा आहे का विचारा, हेल्मेट आणि पट्टा आहे का बघा. आणि धंदेवाल्याने पोटठेका घेताना तोंडी होकारावर एक खड्डाही खणू नये.

आता दादाचा मुलगा आमच्याकडे आहे. कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून ऐकायला तो बापाकडून शिकला, कानस माझ्याकडून. त्याला महिन्याचा पगार आहे, विमा आहे. दादा वर चढत नाही, खाली दोरावर उभा असतो. पाटल्या सुटल्या, ट्रॅक्टर परत घेतला.

त्या रस्त्याच्या कामाचं बिल अजून आलेलं नाही. सीए साहेब दर मार्चला म्हणतात, बुडीत दाखवून काढून टाका. मी काढत नाही. त्या चरांची मजुरी मी माणसांना दिली आहे, काम केलेलं आहे, ती रक्कम आमच्या वहीत ‘येणे’ बाजूलाच राहील.