प्रोटीन मोडतं कसं ह्यावर कुणी पीएचडी करतं का? विचारलंत म्हणून सांगते

लग्नात पंगतीला बसलं की समोरून हा प्रश्न येतोच, आणि हल्ली भाच्याचे मित्रपण विचारायला लागलेत. "सगळं कोल्हापूर प्रोटीन कमवायला मरतंय, आणि तुम्ही ते मोडतं कसं ह्यावर एवढी वर्षं घालवलीत? उपयोग काय त्याचा?" विचारणाऱ्याच्या हातात तांबड्या रश्श्याची वाटी असते, मागं वाढपी उभा असतो, त्यामुळं मी आजवर हसून विषय बदलत आले. एकदाचं नीट लिहिते, पुढं कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

आधी तुमचा हिशोब दुरुस्त करू. तुम्ही दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रोटीन खाता, पैलवान असाल तर जास्त. पण त्याच दिवसात तुमचं शरीर स्वतःचंच साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रोटीन मोडतं आणि जवळजवळ तेवढंच नव्यानं बनवतं, बरंचसं त्याच अमिनो आम्लांतून, म्हणजे प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं त्यांतून. म्हणजे गंगावेशीत उभं राहून कितीही धारोष्ण दूध प्यालात तरी तुमच्या आतली उलाढाल त्या ग्लासाच्या कितीतरी पट मोठी आहे. रुडॉल्फ शोनहायमरनं १९३०च्या दशकात जड नायट्रोजनची खूण घातलेली अमिनो आम्लं उंदरांना खायला घालून हे दाखवलं, त्याआधी मोठमोठ्या लोकांची समजूत अशी की शरीर एकदा बांधलं की बांधलं, खाल्लेलं सगळं नुसतं जळण म्हणून जातं. आमच्या तालमीत अजून तेच मानतात. "कमावलेलं शरीर" म्हणतात ना, जसं काही ते बँकेत ठेवलंय.

पण ह्यासाठी मी ह्या विषयात शिरले नाही. एम.एस्सी.ला शिवाजी विद्यापीठात असताना एक गोष्ट कळली आणि ती डोक्यातून जाईचना. पोटात जेवणातलं प्रोटीन पचतं तेव्हा त्याचे बंध तोडायला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागत नाही, एन्झाइम आपोआप तोडतं. पण पेशी स्वतःचं प्रोटीन मोडते तेव्हा मात्र एटीपी खर्च करते. १९५३ मध्येच यकृताच्या कापांवर हे दिसलं होतं आणि पुढं कितीतरी वर्षं त्याचा अर्थ लागत नव्हता. फुकटात होणारं काम पैसे मोजून का करायचं? इस्रायलमधल्या हायफाला अवराम हर्शको आणि त्याचा विद्यार्थी आरोन चिखानोव्हर सशाच्या कोवळ्या रक्तपेशींचा अर्क घेऊन बसले, त्याचे दोन भाग केले, वेगवेगळे ठेवले तर काही होत नाही आणि एकत्र केले की प्रोटीन मोडतं. मग त्यातला एक भाग त्यांनी चक्क उकळला. बाकी सगळं साकळून खाली बसलं, पण हवा होता तो घटक तसाच शाबूत! असलं धाडस मला जाम आवडतं. १९७८ला तो पेपर आला, १९८०ला कळलं की तो घटक म्हणजे आधीच माहीत असलेलं ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन, युबिक्विटिन. २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल ह्या दोघांना आणि अमेरिकेतल्या अर्विन रोझना मिळालं.

तर खर्च कशाचा, तर निवडीचा. मोडायच्या प्रोटीनला युबिक्विटिन चिकटवतात, एकावर एक साखळी लावतात, आणि अशी साखळी लागलेलं प्रोटीन प्रोटिआझोम नावाच्या पोकळ यंत्रात ओढलं जाऊन त्याचे तुकडे होतात, युबिक्विटिन मात्र सुटून परत वापरात येतं. चिकटवायचं काम तीन टप्प्यांत, तीन प्रकारची एन्झाइम करतात, ई-वन, ई-टू, ई-थ्री. माणसात ई-वन दोनच, ई-टू चाळीसेक, आणि ई-थ्री सहाशेच्या वर. सगळी गंमत त्या सहाशेंत आहे, कारण कुणाला चिकटवायचं हे ई-थ्री ठरवतं. लोक ह्याला पेशीची कचरागाडी म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. कचरागाडी दारात ठेवलेलं सगळं उचलते हो, हे उचलायचं आणि ते नाही असं करत नाही. आणि इथं मोडलं जातं ते खराबच असतं असंपण नाही, चांगली धडधाकट प्रोटीनं ठरलेल्या वेळी मोडली नाहीत तर पेशीचं विभाजन अडकतं.

तासगावचे आमचे मामा द्राक्षाला जीए, म्हणजे जिबरेलिन हे वनस्पतींचं संप्रेरक, मारतात, घड बुडवतात, मणी लांबतो. त्यांना वाटतं जीए म्हणजे वाढीचं टॉनिक. प्रत्यक्षात जिबरेलिन आत जाऊन एका रिसेप्टरला, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रोटीनला, बसतं आणि त्यामुळं वाढ अडवून धरणाऱ्या डेला नावाच्या प्रोटीनांना युबिक्विटिन लागतं, ती मोडतात, आणि अडवणारं कुणी उरलं नाही म्हणून मणी वाढतो. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हात हेच डेला असं बदललेलं होतं की जीएनं ते मोडेना, म्हणून ताट बुटकं राहिलं आणि खत घातलं तरी पीक लोळलं नाही. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मोडून वाढतंय व्हय? बरं." आणि पंप पाठीवर घेतला.

आता ती गोष्ट, जी बहुतेकांना अर्धी माहीत आहे आणि अर्धी चुकीची.

आमचा धाकटा भाऊ पैलवान होता हे तुम्हाला माहीतच आहे. सरावात पाय अडकून गुडघ्याखालचं हाड मोडलं, मांडीपर्यंत प्लास्टर, दीडेक महिना. आप्पांनी जे सुरू केलं ते कोल्हापुरातला कुठलाही बाप करेल तेच, सकाळ-संध्याकाळ दूध, वाटलेले बदाम, अंडी, आठवड्यात तीनदा मटण, आणि पोरगं निमूट खात होतं, एक घोट टाकला नाही त्यानं, मी साक्षीदार आहे. प्लास्टर कापलं तेव्हा मी तिथं होते. ती मांडी त्याची वाटेना. एक मांडी पैलवानाची आणि दुसरी कुणा आजारी शाळकरी पोराची, आणि तो दोन्ही हातांनी दोन्ही मांड्या धरून बघत बसला, कितीतरी वेळ. घरी भेटायला वस्ताद आले, बघितलं, आणि त्याच्यासमोरच आप्पांना म्हणाले, "खाल्लेलं अंगाला लागंना झालंय. मनातनं खचलंय पोरगं." त्या एका वाक्यानं सगळं त्याच्या मनावर आलं. म्हणजे पाय मोडला तोपण तो, आणि मांडी गेली तीपण त्याच्याच मनामुळं.

मी तेव्हा पीएचडी करत होते आणि अशा मांडीत काय चालतं हे मला पाठ होतं. २००१ मध्येच दोन ई-थ्री सापडली होती, मर्फ-१ आणि अ‍ॅट्रोजिन-१, स्नायू वापरात नसला की ह्यांचं प्रमाण वाढतं आणि मर्फ-१ तर मायोसिनलाच, म्हणजे ज्यानं स्नायू ओढतो त्यालाच, युबिक्विटिन लावतं. ह्यांपैकी एखादं नसलेल्या उंदराच्या स्नायूकडं जाणारा मज्जातंतू कापला तरी त्याचा स्नायू कमी झडतो. मन खचण्याचा ह्यात काही संबंध नाही. हे मी वस्तादांना सांगितलं, जरा चढ्या आवाजातच, आणि ते म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर असंल." ज्या स्वरात म्हणाले त्याचा अर्थ कोल्हापुरात सगळ्यांना कळतो.

रात्री धाकटा कट्ट्यावर येऊन बसला. "अक्का, मग ते मोडायचं बंद करायचं औषध असंल की."

मी म्हटलं, आहे, पण ते अख्खा प्रोटिआझोमच अडवतं, कॅन्सरला देतात, हातापायाच्या मज्जातंतूंना त्रास होतो.

"सगळं नको. तेवढं मर्फ का काय ते."

मग मी त्याला सांगितलं की मर्फ-१ आणि त्याचंच भावंड मर्फ-२ दोन्ही काढलेल्या उंदरांची हृदयं फुगली आणि बरीच पिल्लं लहानपणीच मेली.

तो म्हणाला, "ते हृदयाचं झालं. माझ्या एका मांडीपुरतं बंद करा की गं."

इतका नेमका प्रश्न मला सेमिनारमध्येसुद्धा कुणी विचारला नव्हता, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण एका ठिकाणी, एका वेळी, एकच ई-थ्री अडवणं हेच तर अख्ख्या विषयाचं अडलेलं ठिकाण आहे. शिवाय मी काम करत होते यीस्टवर. यीस्टला मांडी नसते.

त्यानं नंतर व्यायाम केला, मांडी बऱ्यापैकी भरली, पण निवड चाचणी गेली आणि पुढच्या वर्षी तो मातीत उतरलाच नाही. आता ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, चांगलं चाललंय, त्याला ह्यावरून छेडू नका.

प्रामाणिकपणे अजून एक. प्लास्टरमधल्या माणसाच्या स्नायूत मोडणं वाढतं त्यापेक्षा नवीन बनणं मंदावतं हा भाग मोठा असावा असं म्हणणारे बरेच आहेत, आणि पुरावा त्यांच्या बाजूनं चांगला आहे. न हलणारा स्नायू अमिनो आम्लं समोर असूनसुद्धा ती नेहमीसारखी वापरत नाही. म्हणजे बघा, "अंगाला लागंना" हे वस्तादांचं वाक्य अर्धं बरोबरच निघालं, फक्त कारण मनात नव्हतं, प्लास्टरमध्ये होतं. मला हे मान्य करायला अजून जड जातं, कारण माझा विषय त्या मांडीचा अर्धाच भाग समजावतो.

आधी मी हा "उपयोग काय" प्रश्न आला की लगेच बोर्टेझोमिब काढायचे. २००३ला अमेरिकेत मंजुरी मिळालेलं औषध, मल्टिपल मायलोमा ह्या रक्ताच्या कॅन्सरवर, त्या कॅन्सरपेशी इतकी प्रोटीनं बनवतात की प्रोटिआझोम अडवला की त्या आपल्याच पसाऱ्यात मरतात. कॅन्सर म्हटलं की पंगत गप्प होते, विषय संपतो. खोटं नाही त्यात काही. पण ते उत्तर त्या औषधवाल्यांचं, माझं नाही. मी ह्यात आले ते फुकटचं काम पेशी पैसे मोजून का करते हे कळेना म्हणून, आणि कॅन्सरचं नाव घेऊन मी ते लपवत होते. ती तेव्हाची मी आज म्हणेल, मग सरकारी फेलोशिप कशाला घेतलीस? घेतली. त्यावर मला आजही पटेल असं उत्तर सुचलेलं नाही, आणि धाकट्यानं विचारलं तेव्हा तर अजिबातच सुचलं नव्हतं.

तरी पुन्हा विचारायचंच असेल तर उपयोगाचं नका विचारू, "कुठलं प्रोटीन?" असं विचारा. त्यावर मी रस्सा गार होईपर्यंत बोलेन.