चिक्कीत बेकन आणि एक चमचा व्हिनेगर

शनिवार, ११ एप्रिल. बर्लिंग्टन, व्हरमाँट, अमेरिका.

ईस्टर होऊन आठवडा होत आला. उपवासकाळात घरात मांस आणलं नव्हतं, त्यामुळे आज सकाळी बेकनचं, म्हणजे खारवलेल्या पोर्कच्या पट्ट्यांचं, पाकीट फोडलं तेव्हा सफरचंदाच्या लाकडाच्या धुरीचा तो वास स्वयंपाकघरभर पसरला आणि मी नुसती उभी राहिले. गेला महिनाभर डोक्यात एकच घोळत होतं, बेकनची चिक्की.

हे खूळ डोक्यात शिरलं मार्चमध्ये, मेपलच्या गुऱ्हाळात. इथे त्याला शुगरहाउस म्हणतात, पण मला दुसरा शब्द सुचतच नाही. लाकडाची भट्टी, वर लांबरुंद कढई, छपराच्या फटीतून बाहेर पडणारी वाफ आणि आत शिरल्या शिरल्या केसांना चिकटणारा गोड वास. मेपलच्या झाडाचा साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप हाती लागतं. रस उकळला की फेस वर चढतो, आणि तो वेळीच बसवला नाही तर सगळा ऐवज भट्टीत जातो. आता लोण्याचा किंवा सायीचा एखादा थेंब टाकतात. तिथल्या आजोबांनी वर आढ्याकडे बोट दाखवून सांगितलं, पूर्वी तिथून खारवलेल्या पोर्कचा एक तुकडा दोरीने कढईवर टांगलेला असायचा. फेस चढत चढत चरबीला टेकला की आपसूक खाली बसायचा. मला कागलजवळ पाहिलेलं गुऱ्हाळ आठवलं. तिथे उसाच्या रसातली मळी काढायला भेंडीचा चीक घालत होते. प्रत्येक गावाने आपापल्या कढईसाठी जवळ असेल ते शोधून काढलेलं.

म्हणजे इथल्या गोडाला पोर्क परकं नाही. मेपलच्या पाकात बुडवलेल्या डोनटवर बेकनची पट्टी ठेवायची ही अलीकडची हौस, पण त्या दोघांची ओळख फार जुनी आहे.

पहिला घाणा वाया गेला. बेकनचे तुकडे तव्यावर जरा परतून, मऊ असतानाच उकळत्या पाकात टाकले. चिक्कीचा पाक १५० अंशांच्या आसपास न्यावा लागतो, तेवढ्या वेळात बेकन करपलं, चरबी सुटली आणि थाळीत ओतल्यावर पाकावर तेलाचा तवंग आला. वडी धरेचना. शेंगदाणे एकीकडे, पाक एकीकडे.

दुसऱ्या वेळी बेकन आधी वेगळं करून घेतलं. जाळीवर पट्ट्या पसरल्या, वरून ब्रशने मेपल सिरप लावलं, भरड मिरी भुरभुरली आणि १९० अंशांवर वीस-बावीस मिनिटं ओव्हनमध्ये. जाळी हवीच, नाहीतर पट्ट्या स्वतःच्याच चरबीत शिजत बसतात. बाहेर काढल्यावर लवचीक वाटल्या, पण गार होता होता काचेसारख्या झाल्या. सुरीने हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे केले. त्याहून मोठे नकोत. मोठा तुकडा दाताखाली आला की तो एकटाच बोलत राहतो, आणि मला तो शेंगदाण्यांच्या घोळक्यात हवा होता.

पाकासाठी एक वाटी साखर, अर्धी वाटी मेपल सिरप, आणि तुपाऐवजी ट्रेमध्ये साठलेली बेकनची चरबी, गाळून, एक चमचा. पाण्यात थेंब टाकला, कट्कन तुटला, तेव्हा गॅस बंद. चिमूटभर सोडा, भाजलेले अळणी शेंगदाणे, आणि अगदी शेवटी बेकन. मीठ अजिबात नाही, बेकनमध्ये आहे तेवढं पुरतं. तूप लावलेल्या थाळीत ओतून लाटणं फिरवलं.

छान झाली. पण तिसऱ्या तुकड्यानंतर हात थांबला. गोड, खारट, धुरकट, सगळं होतं आणि तरी जीभ जड झाली होती. काय कमी आहे ते कळेना.

रविवार, १२ एप्रिल

मिस्साहून आले आणि वसईला आईला फोन लावला. बेकन चिक्कीत घातलं म्हटल्यावर ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग त्यात काय? लग्नात फुगे आणि इंदियाल खातेस ना तू? फुगा गोडसरच असतो." खरंच की. नारळाच्या दुधातल्या पिठाचे ते टम्म फुगे, आणि बशीत पोर्क इंदियालचा लाल रस. लहानपणी मी फुगा फोडून त्यात रस भरून खायचे, आणि बोटं चाटली म्हणून मावशीचा धपाटा खायचे.

मग तिने विचारलं, "शिरका घातलास का?"

तिथेच उलगडलं. इंदियाल शिरक्यावर, म्हणजे व्हिनेगरवर, उभं असतं, त्याच्याशिवाय ते नुसतं तिखट मांस होईल. आणि इथे? आजोबांनी मार्चमध्ये बर्फावर घट्ट पाक ओतून दिला होता, त्या बशीत डोनट होतं आणि बाजूला आंबट काकडीचं लोणचं. मला तेव्हा ती जोडी विचित्र वाटली होती. गोडाने जीभ मिटली की काकडीचा एक चावा, आणि पुन्हा गोड. दोन्हीकडच्या बायकांना हे माहीत होतं, मीच दोन्हींच्या मधे उभी राहून विसरले.

दुपारी तिसरा घाणा. साखर आणि सिरप विस्तवावर ठेवतानाच एक चमचा सफरचंदाचं व्हिनेगर. आई पाकात लिंबू पिळते ते पाक साखरू नये म्हणून, तेही काम यानेच झालं. वास उडून गेला, पण आंबटपणाची एक बारीक रेघ मागे राहिली. तुकडा तोंडात टाकला. आधी मेपल, मग शेंगदाणा, मग कुठून तरी धूर, आणि शेवटी ती रेघ सगळं पुसून जीभ पुन्हा कोरी करून गेली. माझे डोळे भरून आले. इतक्या लांब, इतक्या वेगळ्या सामानातून आईच्या इंदियालची चव निघाली.

बुधवार, १५ एप्रिल

मांस आहे म्हणून डबा फ्रीजमध्येच ठेवते. झाकण घट्ट नसेल तर पाक ओल धरतो आणि आतलं बेकन चिवट होतं. वरचा थर कालच चिकटायला लागला होता. थरांमध्ये बटर पेपर घातला. खालचे तुकडे अजून चुरचुरीत आहेत.

संध्याकाळी थोडे घेऊन आजोबांकडे गेले. झाडांना कळ्या फुटल्या, हंगाम संपला, कढया घासून पालथ्या घातल्या होत्या. त्यांनी उभ्याउभ्याच एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, आणि सिरप कुठल्या प्रतीचं वापरलं ते विचारलं. मी अंबर म्हटलं. ते आत जाऊन हंगामाच्या शेवटचं, जवळजवळ काकवीसारखं काळं सिरप घेऊन आले. त्याची चव कडवट आणि दाट आहे. शनिवारी त्यातच करून बघणार. व्हिनेगर तेवढंच ठेवायचं की थोडं वाढवायचं, ते उद्या आईला विचारते.