चाकांसकट माप

विमानाच्या गेटवर सामानाचं माप बघायला ठेवलेल्या चौकटीत बॅग गेली, पण पूर्ण गेली नाही. वरचं हँडल काठाच्या वर दोन बोटं उरलं. मी ती तळहाताने दाबली, मग गुडघा टेकवून दाबली. पुढचा कप्पा कोंबून भरलेला असल्यामुळे ती मध्येच घट्ट बसली होती, आता वरही येईना. मागे रांगेत तीसेक माणसं उभी होती आणि त्यातली निम्मी तरी माझ्याकडे बघत नसल्याचं दाखवत होती.

"यावर ५५ सेंटीमीटर लिहिलंय," मी बॅगेच्या आतलं लेबल काढून दाखवलं. गेटवरच्या मुलीने लेबलाकडे पाहिलंही नाही. तिने वाकून चाकांवर बोट ठेवलं. "ही धरून?"

ती धरून ५८ होत होते, हे मला घरी परत आल्यावर टेप लावल्यावर कळलं. बॅग बनवणारे बऱ्याचदा पेटीचं माप देतात. विमान कंपनी मात्र चाकं, हँडल, बाहेरचे फुगलेले कप्पे असं सगळं मोजते. 'वीस इंची' म्हणून विकली जाणारी ट्रॉली तर हमखास फसवते. वीस इंच म्हणजे जेमतेम ५१ सेंटीमीटर, त्यात चाकं मिळवली की ती ५५च्या आसपास पोहोचते. म्हणजे आधीच काठावर. तिच्यात एक जाड स्वेटर जास्त कोंबला की संपलं.

चिडचिड जास्त झाली, कारण मी या बॅगेचे पैसे आधीच भरलेले होते. त्या तिकिटात फुकट मिळत होती ती फक्त सीटखाली मावणारी लहान बॅग. डोक्यावरच्या कप्प्यातल्या मोठ्या बॅगेसाठी मी बुकिंग करतानाच जास्तीचे पैसे दिले होते. पण पैसे बॅगेचे नसतात, त्या मापाचे असतात. मापाबाहेर गेलात की आधी भरलेलं तिथेच राहतं आणि गेटवर नव्याने भरावं लागतं. तो आकडा माझ्या तिकिटाच्या निम्म्याहून जास्त होता. सामानाचा दर बुकिंग करताना सगळ्यात कमी, नंतर ॲपवर थोडा चढा, काउंटरवर त्याहून जास्त आणि गेटवर सगळ्यात महाग. मी पायरी निवडली ती शेवटची.

आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अगं, आत्ता तर तपासली की त्यांनी!"

तिचा गैरसमज मला तेव्हा हास्यास्पद वाटला, पण आतून मीही तेच धरून चालले होते. सुरक्षा तपासणीतून बॅग सुटली म्हणजे बॅग पास, असं आपल्याला वाटतं. पण तिथल्या माणसाला बॅगेच्या मापाशी काही घेणंदेणं नसतं. तो आत काय आहे ते बघतो. त्याने आईची क्रीमची बाटली काढून घेतली होती, कारण बाटली २०० मिलीची होती. आत क्रीम बोटभर उरलं होतं, पण १०० मिलीची मर्यादा बाटलीला असते, आतल्या ऐवजाला नाही. त्याचं काम तिथे संपलं. उंची, जाडी, वजन हे सगळं विमान कंपनीचं खातं, आणि ते उघडतं गेटवर, जिथून मागे फिरून काही घरी ठेवून येण्याची सोय नसते.

पैसे भरले. बॅगेला कागदी पट्टा लागला आणि ती खाली, विमानाच्या पोटात जाणार असं ठरलं. मी सुटलेच, असं वाटलं तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "आत पॉवर बँक आहे का?"

होती. सगळ्यात तळाला.

सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक सामानाच्या कोठारात टाकायला परवानगी नाही, त्या प्रवाशासोबत केबिनमध्येच असाव्या लागतात. कारण साधं आहे. बॅटरी आपोआप तापून पेटू शकते; केबिनमध्ये पेटली तर धूर दिसतो आणि विझवायला माणसं असतात, खाली कोणी नसतं. मर्यादा १०० वॉट-अवरची, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याची. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॉट-अवर होते, म्हणजे चालते. १०० ते १६० मध्ये कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. हा हिशोब मला पाठ होता. फक्त गेटवर बॅग काढून घेतली जाऊ शकते आणि तेव्हा ती वस्तू झटकन हाताशी यायला हवी, हे डोक्यात आलं नव्हतं.

मग जमिनीवर बॅग आडवी टाकून, चेन उघडून, रांगेसमोर मी माझे मोजे, टॉवेल, आतले कपडे असं एकेक बाजूला काढत तळाशी गेले. पॉवर बँक मिळाली. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्याही तिथेच होत्या, त्याही काढल्या. बॅग उशिरा आली किंवा आलीच नाही तर त्या लागणार होत्या. घराच्या किल्ल्या काढल्या. सगळं हातात धरून उभी राहिले, तर ठेवायला जागा नाही, कारण बॅग तर चालली. शेवटी सगळं जॅकेटच्या खिशांत कोंबलं. तेव्हापासून या तीन वस्तू एका छोट्या चेनच्या पाकिटात, बॅगेत सगळ्यात वर असतात.

आईचं वेगळंच चाललं होतं. तिची पाठीवरची सॅक मापात होती, पण खांद्याला पर्स होती. तिकिटात 'एक बॅग' लिहिलं असेल तर पर्ससुद्धा बॅग, कॅमेऱ्याची पिशवीसुद्धा बॅग. आईने पर्स सॅकमध्ये घातली, बोर्डिंग पास दाखवला, आणि एरोब्रिजच्या, म्हणजे गेटपासून विमानापर्यंतच्या बोगद्याच्या, पहिल्या वळणावर पर्स काढून पुन्हा खांद्याला लावली. तिला या नियमाचा तत्त्वतःच राग आहे.

घरी आल्यावर मी मापांच्या मागे लागले. प्रत्येक कंपनीचं वेगळं. युरोपातल्या स्वस्त तिकिटांच्या कंपन्याच घ्या. रायनएअरची फुकटची बॅग आधी ४०×२५×२० होती, २०२५ मध्ये ती ४०×३०×२० झाली. विझ एअरचंही माप ४०×३०×२०, वजन १० किलोपर्यंत. इझीजेटचं ४५×३६×२०, वजन १५ किलोपर्यंत. कागदावर पाच-सहा सेंटीमीटरचा फरक किरकोळ दिसतो, पण गुणाकार करून बघा: ४०×२५×२० म्हणजे २० लिटर, ४०×३०×२० म्हणजे २४, आणि ४५×३६×२० म्हणजे ३२ लिटरच्या वर. एका कंपनीत तीन दिवसांचे कपडे, दुसरीत पाच दिवसांचे.

सगळ्यांनी मिळून एकच माप का ठरवू नये? प्रयत्न झाला होता. जून २०१५ मध्ये आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, ५५×३५×२० असं सर्वांसाठी एक माप सुचवलं. तेव्हा लोकांकडे असलेल्या कितीतरी बॅगा त्याहून मोठ्या होत्या, त्यामुळे एवढी ओरड झाली की काही दिवसांतच ते गुंडाळून ठेवावं लागलं. युरोपीय न्यायालयानेही सप्टेंबर २०१४ मधल्या एका निकालात म्हटलंय की हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, आणि माप-वजन वाजवी असेल, सुरक्षेच्या अटी पाळल्या असतील, तर त्याचे वेगळे पैसे लावता येणार नाहीत. वाजवी म्हणजे किती सेंटीमीटर, हे मात्र त्यात नाही. गेटवर उभं राहून हा निकाल ऐकवून बघायची माझी हिंमत नाही.

कंपन्यांची बाजू पूर्ण खोटी आहे असंही नाही. बोइंग ७३७-८०० मध्ये जास्तीत जास्त १८९ माणसं बसवता येतात आणि स्वस्त तिकिटांच्या कंपन्या तेवढी बसवतातही. डोक्यावरच्या कप्प्यांत १८९ ट्रॉल्या मावतच नाहीत. शिवाय उतरलेलं विमान अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उडवायचं हा यांच्या धंद्याचा पाया. मधल्या वाटेत प्रत्येक जण बॅग वर चढवत उभा राहिला तर ते जमायचं नाही. हे सगळं मान्य. पण जागा नाही म्हणणारी कंपनी पैसे दिले की जागा काढते, हेही मी पाहिलंय.

पुढचा प्रवास सहा महिन्यांनी ठरला. पुन्हा आई आणि मी, पाच दिवस. या वेळी जास्तीचे पैसे द्यायचेच नाहीत, फुकटच्या बॅगेत जायचं असं मी जाहीर केलं. जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी होती, म्हणून दोन्हींची मापं समोर ठेवली आणि लहान असेल ते धरलं: ४०×३०×२०. परतीच्या विमानात बॅग अडकली तर जाताना सुखरूप गेल्याचा काही उपयोग नाही.

मग मी एक उद्योग केला. जाड पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावून, आतून बरोबर ४०×३०×२० चा खोका केला, वरून उघडा. आतून, हे महत्त्वाचं. बाहेरून मोजला तर पुठ्ठ्याची जाडी तुमच्या विरुद्ध जाते. दोन दिवस तो खोका बैठकीच्या खोलीत पडून होता. चाकांची बॅग बाद केली, कारण एवढ्याशा मापात चाकं आणि त्यांचा दांडा चांगली तीन-चार लिटर जागा खातात. मऊ कापडाची सॅक घेतली. ती रिकामी असताना खोक्यात खुशाल बसली, भरल्यावर पोट काढून बसली. खरं माप भरलेल्या बॅगेचंच. स्वेटर उभा गुंडाळून पाठीच्या बाजूला, चार्जर आणि कडक वस्तू तळाला, पुढचा कप्पा जवळपास रिकामा. तो रिकामा ठेवणं सगळ्यात जड गेलं, हात आपोआप तिकडे जातो.

वजनासाठी मी आधी बॅग घेऊन काट्यावर उभी राहिले, मग बॅग ठेवून, आणि वजाबाकी केली. आईला ही पद्धत आवडली नाही, कारण त्यात तिचंही वजन जाहीर होत होतं. तिची सॅक सव्वासहा किलो भरली, माझी सात. सगळ्यात जड बूट पायात, जाड जॅकेट अंगावर. जॅकेटच्या खिशांना कोणी टेप लावत नाही.

पर्सवरून वाद झाला. "तिच्यात काय आहे? चष्मा आणि रुमाल," आई म्हणाली. मी म्हटलं, "मग खिशात घाल." "खिशात चष्मा मोडतो." शेवटी पर्स चपटी करून सॅकमध्ये, पाठीच्या बाजूला गेली, आणि खोक्यात सॅक बसते का ते पुन्हा पाहिलं. बसली, पण चेन लावताना आईने श्वास रोखून धरला होता.

दोन्ही बोर्डिंग पास मी ॲपमध्ये घेतले आणि त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. तिकिटाच्या पानावर सामानाबद्दल जे लिहिलं होतं त्याचाही काढला. सामानाचं कलम जायचं वेगळं आणि यायचं वेगळं असतं. एका बाजूला बॅग जोडली म्हणजे दुसऱ्या बाजूला आपोआप जोडली जात नाही, हे तेव्हाच नीट पाहिलं.

जाताना गेटवर कोणी विचारलंही नाही. चौकट कोपऱ्यात उभी होती, तिच्यावर कोणीतरी कोट वाळत घातल्यासारखा टाकला होता. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडं फसवल्यासारखंही.

येताना मात्र तपासणी कडक होती. दोन कर्मचारी रांगेच्या बाजूने चालत, संशयित बॅगांना बोटाने बाहेर बोलावत होते. पुढे एक उंच मुलगा चाकांच्या बॅगेशी झटत होता. त्याने बाहेरचा कप्पा रिकामा करून दोन टीशर्ट एकावर एक घातले आणि तिसरा घालायला घेतला. मी त्याच्याकडे बघत नसल्याचं दाखवलं.

कर्मचारी आमच्यापाशी आली, सॅककडे एक नजर टाकली आणि "ठीक आहे, जा" म्हणून पुढे सरकली. मी चालायला लागले. दहा पावलांवर लक्षात आलं की आई शेजारी नाही. मागे वळले तर ती चौकटीपाशी उभी. पाठीवरची सॅक उतरवून तिने ती दोन्ही हातांनी वरून अलगद आत सोडली. सॅक तळाला टेकली. आईने हात वर काढून घेतले, क्षणभर बघितलं, मग सॅक तेवढ्याच अलगद बाहेर काढली.

"सहा महिने त्या खोक्याचं ऐकतेय," ती म्हणाली. मग चेन उघडून तिने पर्स काढली आणि खांद्याला लावली. "अजून वरून बोटभर जागा होती. ही मावली असती बाहेरून."